कावेरीची ओटी

९ डिसेंबर १९९७

शुभदानं माझं नाव दिलं! न विचारता! तिच्या ऑफिसची सहल आहे रविवारी — कावेरीत होड्या वल्हवायच्या म्हणे. 'बिगिनर्ससाठीच आहे आई, अगदी सोप्पं!' इथं थंडीनं बोटं वळत नाहीत, स्वेटर घालून भाकऱ्या थापतेय, आणि ही मला पाण्यात बसवणार. हिला सासू हवी की सर्कशीतलं अस्वल?

विनोद पेपरात तोंड घालून. 'जा ना आई, मीही आहे की.' बायकोचा बैल!

मला कळतं सगळं. एक तारखेला दोघं इंदिरानगरला राहायला जाणार. त्याआधी म्हातारीला फिरवून आणलं की तिचं तोंड बंद. इथून, चामराजपेटेहून, ऑफिस लांब पडतं म्हणे — बहाणे! हे जाऊन सहा वर्षं झाली. आता विनोदही गेला की मी भिंतींशी बोलायचं. पोटचा पोरगा आहे माझा. मी नाही जाऊ देणार.

११ डिसेंबर

शेजारच्या चंद्राबाईंना सांगितलं. त्यांच्या कानडी मराठीत म्हणाल्या, 'सरी अक्का, बरंय की, जाऊन या. स्वल्प हवापालट.' यांनाही शुभदानं फितवलेलं दिसतंय.

१३ डिसेंबर

ओटीचं सामान बांधलं. नारळ, खण, हिरव्या बांगड्या, तांदूळ. आपल्या घरात होडीत पाय ठेवायच्या आधी सवाष्णीनं नदीची ओटी भरायची. मी विधवा, मला चालत नाही. भरायची शुभदानं. पण मी आठवण करून देणार नाही! बघू पुण्याच्या पोरीला आपणहून सुचतं का.

१४ डिसेंबर

नाही सुचलं! पिशवी मांडीवर घेऊन तशीच होडीत बसले.

नदीवर धुकं, वारा असा की दात वाजत होते. नऊवारीवर नारिंगी जाकीट — सगळं ऑफिस हसत असणार. शिकवणारा कन्नडात सांगत होता, दोघांनी एकदम वल्हं मारायचं, कुणी एकानं थांबायचं नाही. एका होडीत दोघं. विनोद शुभदाच्या साहेबांबरोबर. माझ्यापुढे शुभदा.

मी वल्हं आडवं धरून बसले. मारायचं तर तूच मार! होडी गोल गोल फिरायला लागली. 'आई, तुम्हीपण मारा ना, प्लीज.'

काठाजवळ आलो तेव्हा ती मागे वळून म्हणाली, 'आई, आम्ही दर रविवारी येत जाऊ हां.' येत जाऊ! पाहुण्यासारखे!

आणि होडी कलंडली.

पाणी कमरेएवढंच, पण गार! जीवच गेला वाटलं. शुभदानं मला दंडाला धरून काठावर आणलं आणि परत पाण्यात शिरली. कशाला? तर माझी पिशवी वाहत चालली होती ती आणायला! 'घ्या आई, नारळ शाबूत आहे.' बावळट! नदीनं घेतलेलं परत आणतात का कुणी?

विनोद तिच्यावर ओरडला, सगळ्यांसमोर. 'आईला काही झालं असतं तर? कशी कलंडली होडी?'

ती कुडकुडत म्हणाली, 'माझंच चुकलं. मीच वाकले.'

१६ डिसेंबर

मला नुसतं पडसं. शुभदाला ताप. विनोद तिच्याशी धड बोलत नाही. मला म्हणाला, 'तुला सोडून कुठं जात नाही आम्ही. रद्द केलं.'

जिंकले!

१७ डिसेंबर

तिनंच मला कषाय, आल्याचा काढा, करून दिला. तापात उठून. आलं जास्त झालं होतं. तसं म्हटलं तिला. 'सॉरी आई,' म्हणाली. आणखी काही नाही! भांडत का नाही ही बया?

२१ डिसेंबर

होडी कलंडली नाही. मी कलंडवली. दोन्ही हातांनी होडीचा काठ दाबला, सगळा भार टाकून. ती मागे वळलेली होती, तिनं पाहिलं.

आज विनोदला खरं सांगितलं. तो उठून खोकी बांधायला लागला.

शुभदाची ओटी मीच भरली. त्याच नारळानं. तिच्या अंगावर पदर नव्हता, तिनं ओढणी पुढे केली.