चाळीस सेंटिमीटर खाली

१९ ऑगस्ट. सकाळचे सहा.
नवी वही काढली. पहिल्या पानावर नाव, हुद्दा (निवृत्त) आणि ‘खाजगी’ असं लिहिलं. घरात दुसरं कुणी नाही, पण पद्धत म्हणजे पद्धत.

विषय : रायनाचं फुलझाड, तपकिरी आयरिस. आजपासून सगळं शास्त्रशुद्ध.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो. रायना माझी बायको. चौदा मेला गेली. ही आयरिस तिच्या आईच्या अंगणातली, दोल्ना क्रुशा गावची. ते गाव आता धरणाखाली आहे. धरणाच्या सर्व्हेला मी होतो, तेव्हा तेवीस वर्षांचा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पाच गावांना नळ आले. शेवटच्या दिवशी लोकांनी दारं उचलून नेली, कौलं नेली. रायनाने एप्रनच्या ओच्यात हे गड्डे नेले, आल्याच्या तुकड्यांसारखे वेडेवाकडे, ओल्या मातीसकट. माझा नंबर गड्ड्यांनंतर लागला.

फुलाचा रंग धूर आणि मध एकत्र केल्यासारखा. वास उकळत्या द्राक्षरसाचा. जगात फक्त आपल्याकडे. म्हणून मी ती कधी कुणाला देऊ दिली नाही.

रायनाची लागवड मात्र ढिसाळ. गड्डे अर्धे मातीच्या वर, सरड्यासारखे पाठ शेकत पडलेले. मी पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं काढली. टिकवायची वस्तू गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात माती जिथवर गोठते त्याच्या, खाली जाते. पाइपला ऐंशी सेंटिमीटर. फुलाला सवलत दिली, चाळीस. सातही गड्डे पट्टीने मोजून पुरले, वरून माती ठोकून बसवली. दह्याच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यावर रायनाने पेन्सिलीने लिहिलेली लेबलं होती, ‘आईची’ म्हणून. ती काढून ड्रॉवरमध्ये टाकली. अक्षर बघवत नाही, म्हणजे पुसट झालंय.

भिंतीवरून त्सोन्का बघत होती. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, विधवा, जिभेला हाड नाही. म्हणाली, “मेतोदी, झाड लावतोयस की पुरतोयस? अति तिथे माती!” मी माती आणखी एकदा ठोकली.

२ सप्टेंबर.
वाचनालयाच्या अंगणात गड्ड्यांची अदलाबदल. दरवर्षीप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी, बायकांचा बाजार. मी टेबलावर पाटी ठेवली : ‘दोल्ना क्रुशाची तपकिरी. मिळणार नाही.’

तीन तास बसलो. कुणी मागितलीच नाही. पाटी वाचायचे, एकमेकांकडे बघायचे आणि पुढे सरकायचे. दबदबा आहे.

एका बाईने मला जांभळ्या आयरिसचा गड्डा फुकट दिला. मी खणखणीत आवाजात आभार मानले. त्सोन्का कानांवर हात ठेवून ओरडली, “मेला, मेला तो गड्डा! झाडाचे कधी आभार मानतात का? जळतं ते. मागून आणलेलं जेमतेम जगतं, चोरून आणलेलं माजतं.” या देशाची प्रगती का झाली नाही ते कळलं. रायनाही हेच म्हणायची. तिचे आभार मानायची माझ्यावर कधी वेळच आली नाही, सगळं न मागता हातात यायचं.

२० सप्टेंबर.
जांभळा गड्डा सडला. योगायोग.

१४ नोव्हेंबर.
सहा महिने झाले. रिवाजाप्रमाणे नवं शोकपत्रक छापून फाटकाच्या डाव्या खांबावर चिकटवलं. रायनाचा फोटो चांगला आलाय. फक्त नजर थेट वाफ्यावर जाते.

१५ नोव्हेंबर.
पत्रक उजव्या खांबावर हलवलं. आता दुसऱ्या बाजूने वाफ्यावर बघते.

२१ डिसेंबर. संध्याकाळ.
स्वयंपाकघरात द्राक्षरसाचा वास. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात द्राक्षाचा मणीही नाही. बरण्या हुंगल्या. नळ तपासला. शेवटी खुंटीवरचा रायनाचा एप्रन निघाला. मी तो तळघरात नेऊन ठेवला.

२२ डिसेंबर.
वास आहेच. एप्रन परत खुंटीवर लावला. तळघरात ओल आहे, कापड खराब होतं.

९ मार्च.
त्सोन्काकडे आयरिसच्या पात्या वीतभर आल्या. तिच्याकडे सगळ्या नेहमीच्या जांभळ्याच असणार, फुलाशिवाय ओळखू येत नाहीत, पाती साऱ्यांची सारखीच. माझ्या वाफ्यावर शांतता. माझे गड्डे आधी मुळं पक्की करतायत. उथळ माणसांना घाई असते.

६ एप्रिल.
प्लोवदिवहून लेकीचा फोन. देसिस्लावा म्हणाली, “बाबा, एकदा उकरून बघा ना.” म्हटलं, बुजवलेला चर उकरायचा नसतो, हे मी खात्यात पोरांना शिकवलंय.  ती म्हणाली, “आईला वर्षश्राद्धाला कुठली फुलं न्यायची?” म्हटलं, तिच्या आईचीच. चौदा मेला, तिच्या कबरीवर, मी स्वतः.

फोन ठेवून फाटकावर गेलो आणि फोटोलाही तेच सांगितलं, मोठ्याने. टपालवाला ऐकत होता. आता मागे फिरता येत नाही.

२८ एप्रिल.
तीन पाती!!! मध्यभागी. पंधरा मिनिटं गुडघ्यांवर बसून राहिलो. फोटोला कळवलं.

५ मे.
आठवडाभर कोमट पाणी घालतोय. त्सोन्का भिंतीवर कोपरं टेकून म्हणाली, “छान आलाय हं. उपटून दही-काकडीत घाल.” रानलसूण होता.

६ मे.
आज जे पाहिलं ते नीट लिहितो.

औषधांच्या दुकानामागे पत्र्याच्या डब्यात तपकिरी आयरिस फुललेली. तोच धूर, तोच मध. पुढे गेलो, परत आलो. तिथेच. दुकानदार लाचेझार, माझ्या लेकीच्या वयाचा, त्याला विचारलं, ही कुठून? तो म्हणाला, “कुठली, काका?” आणि डब्यापुढे उभा राहिला. मग म्हणाला, “रक्तदाब बघू या का?”

रक्तदाब ठीक निघाला. मोतीबिंदू असेल.

७ मे.
बसथांब्याच्या भिंतीलगत दोन.

८ मे.
पाद्रीबाबांच्या अंगणात अख्खा ताटवा. कुंपणाला नाक लावलं. वास तोच. बुंध्याशी पांढरी पट्टी खोचलेली, दह्याच्या डब्याची. पेन्सिलीने ‘आईची’. अक्षर रायनाचं.

घरी येऊन ड्रॉवर उघडला. आपली सातही लेबलं जागेवर.

पाव आणायला निघालो होतो. पाव राहिला.

रायना गावात हिंडते आहे.

१० मे. पहाट.
झोप नाही. आयुष्यभर मी भूतबित मानलं नाही. दोल्ना क्रुशाच्या बायका म्हणायच्या, धरणाचं पाणी उतरलं की खालून चुलींचा वास येतो. मी त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं होतं. रायना तेव्हा हसली नव्हती. चव्वेचाळीस वर्षांत त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. फक्त दर मे महिन्यात पहिलं फूल उमललं की त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसायची. मला वाटायचं, पाय दुखत असतील.

आज चर उकरतो.

१० मे. सात वाजता.
चाळीस सेंटिमीटरवर पाणी. काळा चिखल. सातातले सात. एक बोटांत धरला, तो ओल्या पावासारखा फुटला.

नोंद : भूजलपातळी अनपेक्षित वाढली. तांत्रिक कारण.

चर बुजवला.

पाण्याने शेवटी गाठलंच तिला. त्या वेळी रायनाने ओच्यात धरून सोडवली, या वेळी मी पट्टीने मोजून खाली घातली.

(वरची ओळ खोडायची आहे.)

१४ मे.
फुलवाल्याकडून चार कार्नेशन घेतली. मेलेल्यांना सम, जिवंतांना विषम. फोटोकडे न बघता फाटकाबाहेर पडलो. देसिस्लावा श्राद्धाला वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन मागून.

कबरस्तानात बायका आधीच जमलेल्या. मला पाहून बाजूला झाल्या.

रायनाची कबर दिसत नव्हती. काचेच्या बरण्या, लोणच्याच्या, मधाच्या, आणि प्रत्येकीत दोन दोन तपकिरी आयरिस. मी मोजल्या. अडतीस. वारा नव्हता, आणि अख्ख्या आवारात द्राक्षरस उकळत होता.

मी बाकाच्या कडेला बसलो. 

त्सोन्काने माझ्या हातात गहू ठेवला आणि शेजारी बसली. या बाईला इतक्या हळू बोलता येतं हे ठाऊक नव्हतं. म्हणाली, “तू कामावर गेलास की ती वाटायची रे. वर्षानुवर्षं. एप्रनखाली लपवून आणायची, जशी काही दारूच. मे महिन्यात तू दिसलास की आम्ही सगळे फुलांपुढे उभे राहायचो. तू म्हणायचास जगात एकच. ती म्हणायची, एकच असलं की मरतं.” मी विचारलं, मग मला कुणीच का नाही सांगितलं? त्सोन्का म्हणाली, “तू पाटी घेऊन बसला होतास, मेतोदी. कसं सांगणार?”

मला थोडा संशय होताच, असं मी म्हणालो. देसिस्लावाने माझ्या दंडाला धरलं.

चार कार्नेशन खाली ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या कबरीवर ठेवली, तिथे कुणी येत नाही.

२० मे.
निर्णय : त्सोन्काकडच्या पात्याही तपकिरीच्याच निघाल्या, तिच्याकडे एक गड्डा मागायचा. साधं काम. उद्या.

२१ मे.
भिंतीपाशी गेलो. हवेबद्दल बोललो.

२७ मे.
तिच्या मांजराबद्दल बोललो.

३ जून.
मीठ मागितलं. घरात दोन किलो आहे. मीठ देताना ती थांबली, म्हणाली, “आणखी काही?” मी म्हणालो, नाही, पुरे.

मागणं हे माझ्या स्वभावात नाही. नळजोडणीचे अर्ज एकतीस वर्षं लोकांनी माझ्याकडे आणले, मी कुठे नेले नाहीत. रायना असती तर गड्डा न मागता आणून ठेवला असता. वाफा रिकामा आहे. स्वयंपाकघरात वास नाही. गेले दहा दिवस मुद्दाम हुंगतोय, नाही. एप्रनलाही नाही. वास आला तेव्हा मी त्याला तळघरात घातलं, आता तो गेला, तर घर विहिरीसारखं झालंय.

२४ जून. सकाळ.
सेंट जॉनचा दिवस. आज वनस्पतींत सगळ्यात जास्त जोर असतो, असं बायका म्हणतात. मी मानत नाही. पण दुपारी दोनला त्सोन्का झोपते, ही वस्तुस्थिती आहे.

योजना तयार. नकाशा काढला. पळवाटा दोन.

२४ जून. तीन वाजता.
मोहीम फत्ते!! या वयात!

निष्काळजीपणा तरी किती असावा माणसाने. फाटक सताड उघडं. कुत्रा बांधलेला, समोर हाड, त्याने मानही वर केली नाही. वाफ्याशी खुरपं तयार. गड्डे कुणीतरी आधीच सुटे करून, पाती छाटून, ओल्या फडक्यावर मांडून ठेवलेले, विसरले असणार. तीन होते. मी एकच उचलला, संशय नको म्हणून. जिन्याच्या खिडकीत पडदा हलल्यासारखा वाटला. वारा असेल.

पळताना गुडघ्याने दगा दिला, पण कुणी पाहिलं नाही.

गड्डा पुरला. वीस सेंटिमीटर. दोन्ही पद्धतींचा सुवर्णमध्य.

टोपी सापडत नाही.

२५ जून.
सकाळी भिंतीवरून हाक. त्सोन्काच्या हातात माझी टोपी. टोपीत उरलेले दोन गड्डे.

“एकच कसा नेलास? तीन ठेवले होते तुझ्यासाठी, विषम. जिवंत आहेस ना अजून?”

मी म्हणालो, ती कशाबद्दल बोलतेय ते मला कळत नाही. ती म्हणाली, “बरं बाबा, नाही कळत.” मग भिंतीवर कोपरं टेकून तिने सांगितलं. मागच्या वर्षी एप्रिलात रायनाला अंथरुणावरून उठवत नव्हतं, तेव्हा त्सोन्का सूप घेऊन यायची. मी बाहेरच्या खोलीत नळ दुरुस्त करत असायचो. रायना म्हणाली होती, “माझ्यामागे तो ती खोल पुरून मारणार. मग त्याला हवी होईल. मागायला यायचा नाही, मागता येत नाही त्याला. चोरायला येईल. कुत्रा बांधून ठेव.”

“दोन जूनपासून रोज दुपारी कुत्रा बांधतेय मी,” त्सोन्का म्हणाली. “कंटाळला बिचारा. त्याला रोज एक हाड द्यावं लागतंय. मीठ कसलं मागतोस!”

मी तोंड उघडलं.

काय बोलणार होतो ते मलाच ठाऊक नाही, पण तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. “खबरदार! जळतील!” असं ओरडत घरात पळाली. सत्तरी उलटलेली बाई.

भिंतीवर राहिलेली टोपी गड्ड्यांसकट उचलून वाफ्यापाशी आलो.

मग कालचा गड्डा वर काढला. अजून शाबूत होता. ड्रॉवरमधली तीन लेबलं आणली. अक्षर पुसट झालेलं नाही. मोजायची पट्टी आत ठेवून आलो आणि रायनाचं स्टूल वाफ्याजवळ आणलं.

नोंद : गड्डे तीन. पाठ वर, उन्हात, सरड्यासारखी.
पद्धत : रायनाची.
खोली : शून्य.