जात्याला खुंटाच नाही

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

प्रिय करुणा,

तू, मी आणि पाकिटावरची बैलजोडी बघून 'हे आपलंच' म्हणत ते पिशवीत टाकणारं प्रत्येक घर, आपली तक्रार एकच आहे: आपलाच चेहरा दाखवून आपल्यालाच माल विकतात, अन् मालकाचा चेहरा कधी दिसत नाही. हसू नकोस. भाषणाची खोड पत्रातही जात नाही.

कालची गंमत ऐक. आमच्या श्रीनिवासरावांनी स्वदेशीच्या व्रतापायी नवा चहा आणला. पाकिटावर नांगर, भगव्या-हिरव्या पट्ट्या, वर 'मातीशी इमान'. पहिल्या घोटालाच म्हणाले, "रक्त कसं सळसळलं!" तेवढ्यात आमच्या हिमांशूनं मोबाईलवर शोधलं, "बाबा, ही कंपनी केव्हाच परदेशी मालकाला विकली गेलीय."  मग यांनी उरलेला चहा बशीत ओतला. "असू दे, दूध तर सिल्लोडचं आहे!"

तीच कंपनी आता सोयगावात तुमच्या बचत गटाच्या दारी आलीय. आपला भाजक्या धान्या-मसाल्यांचा येसर हवाय त्यांना. हवाच! शाळेत तुझ्या डब्यातल्या येसराच्या आमटीसाठी मी अख्ख्या वर्गाशी भांडायचे. माझं वक्तृत्व तिथलंच. तू पाठवलेला पाकिटाचा नमुना पाहिला. नऊवारी, ठसठशीत नथ, पुढ्यात जातं. त्यावर तुझ्या सासूबाईंचा, सरूबाईंचा शेरा मी दोन सभांत ऐकवला: "बया लई नटली, पर जात्याला खुंटाच नाय. दळती कशानं, नथीनं?" टाळ्या त्यांनाच पडल्या. तू तर डोक्याला रुमाल बांधून चक्कीवर दळतेस. तेच खरं चित्र, पण ते त्यांना नको.

सोमवारी पाकिटावरच्या त्या बाईच्या जागी, तसंच नटवून, तुझा फोटो काढायला माणसं येणार. "काय करू गं?" एवढंच विचारून तू फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. येसर खुशाल विक. गटातल्या बायकांना बारमाही काम मिळेल. माझं वैर परक्या माणसाशी नाही, मुखवट्याशी आहे. तुझं तोंड बघून सोयगाव डोळे झाकून पाकीट उचलेल, अन् म्हणूनच त्यांना तुझं तोंड हवंय. तेव्हा कॅमेरा उघडायच्या आधी त्यांना ठणकावून सांग: पाकिटाच्या दर्शनी बाजूला, माझ्या चेहऱ्याएवढ्याच ठळक अक्षरांत, खऱ्या मालकाचं नाव आणि देश छापा. नाही म्हणाले, तर चहा पाज, येसराचं बोल, पण फोटो देऊ नकोस.

तुझीच भांडखोर,
पद्मजा