मालकांचा आवाज

४ फेब्रुवारी
सरकारप्रमुखांच्या बंगल्यावर लघुलेखक म्हणून रुजू झालो. खिडकीशी टेबल, सहा तासलेल्या पेन्सिली आणि चाकांची खुर्ची! बायको फोनवर म्हणाली, खुर्चीवरून पडू नका म्हणजे झालं. इथे सगळे साहेबांना ‘मालक’च म्हणतात. अकरा कारखाने, तीन वर्तमानपत्रे आणि शेवटी अख्खा पक्षच विकत घेऊन ते निवडून आले. जाहीर वादसभेत समोरचे दोन्ही उमेदवार बोलायला उभे राहिले आणि दोघांचीही दातखीळ बसली. पैसे चारले, असे निम्मा देश म्हणतो. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवू, मी पगार बघूनच आलो आहे.

७ फेब्रुवारी
कंपनीची जुनी रीत इथेही चालते. नव्या माणसाने मालकांना एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकत होते. मग हसून म्हणाले, फाटका बांबू आहे, उपयोगाचा नाही. सचिवबाईही हसल्या. मला फार लागले. माझ्या जागी आधी असलेले म्हातारे लघुलेखक आता बागेला पाणी घालतात. ते बोलत नाहीत. बहुधा झटका आला असावा.

९ फेब्रुवारी
आज उट्टे काढले! मालकांना म्हटले, माझा आवाज राहू द्या, माझ्या चार वर्षांच्या लेकीचा ऐका. घरी आम्ही तिला टकळीच म्हणतो. लगेच फोन लावून दिला. तिने कविता म्हटली. ऐकताना मालकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. पाठ थोपटून म्हणाले, हा घेतला.

१२ फेब्रुवारी
बायकोचा फोन. टकळी तीन दिवस बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात, घसा स्वच्छ आहे. बागेत जाऊन बसलो, तर म्हाताऱ्याने काठीने मातीत लिहिले, ‘तुम्हीही त्यांना कुणाचा आवाज ऐकवलात?’ मग स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवले आणि बंगल्याकडे. मी उठून आलो.

१४ फेब्रुवारी
दुपारी मालकांचे शाळकरी मुलांसाठी रेडिओवर भाषण. मी समोर बसून उतरवून घेत होतो. चौथ्या वाक्यापासून आवाज टकळीचा. शब्द अर्ध्यावर तोडून श्वास घेण्याची तिची खोड, तीसुद्धा. त्या दाढीवाल्या तोंडातून. पेन्सिल मोडली. सचिवबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, मालक मुलांत मूल होतात.

१५ फेब्रुवारी
पाय धरले. म्हटले, माझा घ्या, फाटका का असेना. ते उत्तरले, घेतलेला माल परत करायची आमच्याकडे पद्धत नाही. हरलेल्या उमेदवाराच्या आवाजात उत्तरले.
मीच दिला. एवढ्याशा अपमानापायी मीच दिला तिचा आवाज.

१६ फेब्रुवारी
वर्तमानपत्रांना फोन केले. तिन्ही त्यांचीच. टकळी आता तोंडही उघडत नाही, म्हणे. भिंतीकडे बघत बसते. बायकोला अजून काही सांगितलेले नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

१७ फेब्रुवारी, दुपारी अडीच
तीनला विश्वासमत. सगळे लिहून काढले आहे, सभागृहाच्या दारात ओरडून वाचणार. खोलीच्या दाराला आतून टेबल लावले. खिडकीखाली म्हातारा सायकल धरून उभा —

पावले. दाराशी थांबली.

टकटक. अगदी हलकी.

टकळी. म्हणते, बाबा, दार उघडा ना.

ती नाही. ती घरी आहे, दोनशे मैलांवर. मला माहीत आहे. म्हातारा खालून हात करतो आहे, उतरा, उतरा —

बाबा, मला भीती वाटते.

ती नाही. पण आवाज तर तिचाच ना? तो एकटा त्या माणसाच्या आत — आणि मी खिडकीतून पळू?

रडते आहे.

टेबल थोडेसेच सरकवतो. फटीतून फक्त एकदा —

बाबा आला गं, थांब, बाबा आ