अव्वाची खुर्ची

बेंगळुरू

तीर्थस्वरूप अव्वा,
शिवप्रियाचा शरणार्थ.

मी बरी आहे. दवाखान्यातल्या ड्यूटीची सवय झाली. मेसमध्ये भातच लई असतो, पण पोटभर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? गोळी उपाशीपोटी घेत न्हाईस ना?

मी पाठवलेल्या डायनिंग टेबलाचा फोटो दादानं धाडला. अप्पा आणि दादा ऐटीत जेवायला बसलेत. तू भाकरी घेऊन उभी, तुझ्यामागं वहिनी उभी. उरलेल्या दोन खुर्च्यांवर पिठाचा डबा आणि धुण्याच्या घड्या. अव्वा, त्या खुर्च्या मी डब्यासाठी घेतल्या न्हायत.

तू म्हणशील, आपल्यात बायका मागून जेवतात. मग येळवसच्या सणाला कसं? शेतात आपण सगळे एकाच पंगतीला बसतो, अप्पा स्वतः तुला आंबील वाढतात, आणि कुणाचं काही बिघडत न्हाय. शेतात चालतं ते घरात का चालू नये?

भाकऱ्या आधी करून टोपल्यात झाकून ठेवा. थोड्या निवल्या तर निवल्या. आणि तू उभी राहतेस म्हणून वहिनीलाही बसता येत न्हाय, एवढं ध्यानात घे.

फोनवर अप्पा शेजारी असले की तू नुसतं 'बघू' म्हणतेस, म्हणून पत्र लिहिलं. हे लपवू नको. अप्पांच्या ताटाजवळच ठेव. रोज जेवायच्या वेळेला मी व्हिडिओ कॉल करीन. माझंही ताट वाढलेलं असेल. तू खुर्चीत बसलेली दिसल्याशिवाय मी पहिला घास घेणार न्हाय.

तुझ्यासारखीच हट्टी लेक,
शिवप्रिया