चिखलात गेलेला आवाज

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट तुम्हाला पटवून द्यायची राहूनच गेली. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणावर तुम्ही मला पोहायला शिकवलंत. तुम्ही भिंतीजवळ, खोल पाण्यापाशी बसायचात आणि मला बोलवायचं झालं की दोन दगड पाण्याखाली धरून एकमेकांवर ठोकायचात. बुडी मारलेली असली तरी तो आवाज अगदी कानाशी यायचा. एकदा मी काठाकाठानं पार उथळ टोकाला गेले, जिथे तळ चढत चढत शेतांना लागतो, आणि तिथे बुड्या मारत बसले. तुम्ही कपड्यांसकट पाण्यात शिरलात. “काऊन येत नाही वं? कधीचा ठोकून राह्यलो मी.” “मले आयकूच नाही आलं, बाबा.” “खोटं नको बोलू.” त्या उन्हाळ्यात माझं पोहणं बंद झालं.

आता माझं कामच पाण्यातल्या आवाजाचं आहे. तो पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये आपटत पुढे जातो. तळ चढता असला की दर आपटीला त्याची वाट जास्त उभी होते, आणि फारच उभी झाली की तो वर उसळत नाही, खालच्या चिखलात शिरतो. मी खोटं बोलले नव्हते. हे मला कळलं, तेव्हा तुम्ही नव्हतात.

काल लेकीला घेऊन तिथेच गेले. बारा वर्षांची आहे, चांगली पोहते. भिंतीपासून निघून ती उथळ टोकाला पोहोचते, बुडी मारते, आणि पाणी सपाट होतं. मी दगड ठोकते. तिथवर काही पोहोचणार नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी ठोकत राहते. मग अनवाणीच काठानं पळत सुटते. चिखलात पाय रुतला असेल, वर येता येत नसेल. पोहोचले तर ती कमरेइतक्या पाण्यात केस मागे सारत उभी. “किती वेळ बोलावतेय तुला?” “मला काहीच ऐकू आलं नाही, आई. खरंच.”

“खोटं बोलू नकोस,” मी म्हणाले.

तिचं पोहणं मी बंद केलं; ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. तिला सगळं समजावून सांगायला मला थोडाच वेळ लागेल. पण तिला सोडून हे तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण हे कुठेच पोहोचणार नाही. तिला सांगितलं तर ती पुन्हा पाण्यात जायचं म्हणेल, आणि तिला नाही म्हणायला माझ्याजवळ काही कारण उरणार नाही.