डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे

कायफंग,
आठव्या महिन्याची सहावी तिथी

चि. शौथिंगला आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्यापेक्षा कमी. दारची बोरं पिकलीत.

तुझा निरोप पोचला, "लानयिनला पौर्णिमेच्या आत लुओयांगला धाड. नाच पुरे झाला, तिच्या लिहित्या हाताची वाट लागेल." नाही धाडणार. तुझी लेक नाचाच्या शाळेच्या परीक्षेला बसणार आणि मी तिला घेऊन जाणार. विषय संपला. आता पुढचं शांतपणे वाच.

तू एवढा मोठा सुलेखनाचा गुरू. पोर लिहायला बसली की तिची पकड जोखायला मागून येऊन कुंचला हिसकून बघायचास. कधी निसटला नाही. पण अक्षरं? तूच म्हणायचास, "सुकी मासळी." बिचारी नुसतं धरून ठेवण्यातच दमायची.

इथे सकाळी बागेत आम्ही बाया पंखे घेऊन नाचतो, आणि शेजारी म्हातारे पाण्यात कुंचले बुडवून फरशीवर लिहितात. मी लानयिनला सांगत होते, "अगं, डावीकडे जायचं तर आधी जरा उजवीकडे झुक. एकदम निघालीस तर शेळी दिसशील."

ती थबकली. "आजी, बाबाही रेघ ओढताना हेच सांगतात. टोक आधी मागे न्यायचं, मग पुढे."

"मग इतकी वर्षं ऐकलं का नाहीस?"

"ते मनगटाला सांगायचे. तू कमरेला सांगतेस."

तिने त्या लिहिणाऱ्यांतल्या म्हाताऱ्या चाओचा लांब कुंचला घेतला आणि पंख्यासारखा कमरेतून फिरवत फरशीवर अक्षर काढलं. चाओ कुणाला चांगलं म्हणत नाही, तुला तर मुळीच नाही. तो ओरडला, "अरे, वाळायच्या आत बघून घ्या!"

मला अक्षर कळत नाही. फरशीवर पोर नाचून गेली, एवढं कळलं.

हे पत्र कुणाकडून लिहून घेतलं, ते तू पहिल्या दोन ओळींतच ओळखलं असशील. "आजी, हे नको ना," म्हणतेय. मी म्हटलं, लिही! शौथिंग, चष्मा लाव आणि सांग, मासळी दिसते? दिसली तरी मी तिला पाठवणार नाही. नाही दिसली, तर पौर्णिमेला सणाचे गोड मूनकेक घेऊन ये आणि मागून कुंचला हिसकून बघ. या वेळी निसटेल. सैल धरायला शिकलीय ती.

सही मला येत नाही. खाली अंगठा आहे. तोही आधी मागे रेलवून मग पुढे टेकवलाय, नीट बघ.

तुझी, आणि सध्या जास्त तिची,
आई