गरजूंच्या नोंदवहीतील नाव वगळण्याबाबत (अथवा न वगळण्याबाबत)

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
सार्वजनिक भोजन विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय: गरजूंच्या नोंदवहीतून अर्जदाराचे नाव वगळून ते स्वयंसेवकांच्या नोंदवहीत घेण्याबाबत.

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. भोजन/११७, "सात दिवसांत खुलासा न आल्यास दोन्हीकडून नाव कमी करून पुढील वर्षापासून भोजनाच्या सभागृहात प्रवेश बंद".

महोदय,

१. अर्जदार याच कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाला असून, बेघर व गरजूंच्या वार्षिक सुट्टीच्या जेवणात वाढण्याचे काम करण्यासाठी त्याने रीतसर नाव दिले होते. त्या दिवशी इस्त्री केलेला एप्रन पिशवीत घालून तो अर्धा तास आधीच हजर झाला. दाराशी दोन रांगा होत्या. जिथे रांग लांब तिथे काम महत्त्वाचे, या एकतीस वर्षांच्या अनुभवावर विसंबून तो लांब रांगेत उभा राहिला.

२. टेबलामागच्या बाईंनी कागद पुढे सरकवला, अर्जदाराने सही केली. कागद वाचला होता का, असे आपण विचारले आहे. महोदय, नोकरीत जो कागद समोर आला त्यावर अर्जदाराने न वाचता सही केली, म्हणूनच तो सुखरूप निवृत्त झाला. "सुट्टीच्या दिवशी मला जेवू घालणारे कोणीही नाही, हे मी खरे लिहून देतो" असे त्यावर छापले होते, हे आपल्या पत्रावरून कळले. मसुदा वीस वर्षांपूर्वी अर्जदारानेच केलेला आहे. करावे तसे भरावे, हे तो नम्रपणे मान्य करतो.

३. समोर ताट आल्यावर चूक लक्षात येऊन अर्जदार उठू लागला. तेव्हा शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांनी (राहणार पुलाखाली) त्याचा हात धरला. "बसा हो काका. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच लाज वाटते." आपण वाढायला आलो आहोत, असे अर्जदाराने सांगून पाहिले. "मीही पहिल्या वर्षी हेच सांगितलं होतं," असे म्हणून त्यांनी आपल्या ताटातला पाव अर्जदाराच्या ताटात ठेवला. एप्रन अखेर मांडीवर अंथरावा लागला.

४. वाढणाऱ्या मावशींनी "आणखी एक बटाटा वाढू? लाजू नका हं," असे तीनदा विचारले. अर्जदाराने दोनदा नको म्हटले आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केले. पत्नी गेल्यापासून सहा वर्षांत हे त्याला कोणी विचारले नव्हते. घरी वाढणारा आणि नको म्हणणारा एकच इसम असल्याने तसा प्रश्न उद्भवत नाही. अर्जदाराला रडू आले. सूपमध्ये मिरी जास्त आहे, असे त्याने टोपीवाल्यांना सांगितले. त्यांना ते पटले नाही.

५. वरील निवेदन खोटे असल्याचे लिहून द्यावे, म्हणजे नाव स्वयंसेवकांत घेता येईल, असे आपण सुचवता. त्यासाठी अर्जदार काल दिवसभर बसला, चार मसुदे फाडले. शेवटी मुलाला फोन करून पुढच्या सुट्टीला येणार का, असे विचारले. "बघू, बाबा," असे तो म्हणाला. 'बघू'चा अर्थ अर्जदारास चांगला ठाऊक आहे. शेकडो लोकांना खिडकीतून त्याने स्वतः हेच उत्तर दिलेले आहे.

६. सबब विनंती की, वरील विषय रद्द समजावा. अर्जदाराचे नाव आहे तेथेच राहू द्यावे. पुढच्या वर्षी त्याला आधी वाढू द्यावे आणि मग टोपीवाल्यांच्या शेजारी बसू द्यावे. एका इसमाचे नाव दोन वह्यांत नसावे, असा नियम आहे खरा. पण तो अर्जदाराने केलेला नाही, त्यामुळे मोडायला हरकत नसावी.

आपला नम्र व तूर्त दोन्हीकडचा,
(सही)
निवृत्त मुख्य लिपिक

दिनांक: मुदतीचा सातवा दिवस

सोबत:
१. आपल्या पत्राची प्रत.
२. "जेवू घालणारे कोणीही नाही" हे निवेदन, या खेपेस वाचून पुन्हा सही केलेले.